गोधडीच्या कादंबऱ्या आणि आमचे टीकाकार

बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या शिवणकामाच्या गोष्टी! एवढ्या पाच शब्दांत एका संपूर्ण कादंबरीमालेचा निकाल लावणारे विद्वान आमच्या समाजात कमी नाहीत. पुस्तक उघडून पाहण्याची तसदी त्यांनी घेतलेली नसते. मुखपृष्ठावर सुई, दोरा आणि रंगीत ठिगळे दिसली की त्यांचे मत तयार होते. अशा पुस्तकांना धर्मग्रामाच्या वाचनालयात जागा देऊ नये, वाचकांची अभिरुची त्यामुळे खालावते, असा सूर अलीकडे अनेक ठिकाणी ऐकू येतो. कळंबसारख्या लहान गावात राहणारी आम्ही मोजकी ख्रिस्ती कुटुंबे या सुराशी सहमत नाही. का नाही, ते येथे सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम ज्या पुस्तकांविषयी हा वाद आहे त्यांचा परिचय. जेनिफर चिआव्हेरिनी या अमेरिकन लेखिकेची 'एल्म क्रीक क्विल्ट्स' ही कादंबरीमाला 1999 साली 'द क्विल्टर्स अप्रेंटिस' या कादंबरीने सुरू झाली आणि आज तिच्यात वीसपेक्षा अधिक पुस्तके आहेत. क्विल्ट म्हणजे आपली गोधडी. फरक आहे, पण नाते सख्खे आहे. पेनसिल्व्हेनियातील वॉटरफर्ड नावाच्या एका काल्पनिक गावात सारा ही तरुण विवाहिता नवऱ्याच्या नोकरीनिमित्त येते. तिला स्वतःला काम मिळत नाही. शेवटी एका जुन्या वाड्याची आवराआवर करण्याचे काम ती पत्करते. वाड्याची मालकीण सिल्व्हिया ही वयोवृद्ध, करारी आणि एकाकी स्त्री. ती साराला गोधडी शिवायला शिकवते आणि शिकवता शिकवता स्वतःच्या आयुष्याची शिवण उसवून दाखवते. पुढे त्या वाड्यात गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांचे शिबिर सुरू होते आणि तेथे येणाऱ्या स्त्रियांच्या सुखदुःखांतून एकेक कादंबरी उभी राहते.

आमच्याकडे ही पुस्तके इंग्रजीतच आली. इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलींनी ती वाचली आणि दुपारच्या निवांत वेळी आया, मावश्या, आज्या यांना मराठीतून सांगितली. ज्या ऐकत होत्या त्यांचे हात बहुधा रिकामे नव्हते. साहजिकच मते पडली, वाद झाले, कोणी सारावर रागावले, कोणी सिल्व्हियाची बाजू घेतली. ही मते आम्हांस फार मोलाची वाटतात. आमच्या टीकाकारांना मात्र ती मतेच वाटत नाहीत. तेव्हा त्यांचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप विषयाचा. शिवणटिपण, स्वयंपाकघर, शेजारणींचे हितगुज हे काय साहित्याचे विषय आहेत, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मराठी कादंबरीचा जन्म आठवत नाही असे दिसते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती 'यमुनापर्यटन' 1857 साली बाबा पदमनजींनी लिहिली. ते ख्रिस्ती होते आणि त्यांच्या पुस्तकाचा विषय होता हिंदुस्थानातील विधवांची स्थिती. म्हणजे मराठी कादंबरीने पहिले पाऊल टाकले तेच मुळी घराच्या आतील, तोंड दाबून ठेवलेल्या स्त्रियांकडे. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. संसार, सोवळेओवळे, रुसवेफुगवे, मुलांची आजारपणे, रेव्हरंड टिळकांचा लहरी उदारपणा यांखेरीज त्यात आहे काय? आणि तरीही मराठी गद्याचा तो मानदंड ठरला. युद्धावरील कादंबरीला कोणी 'पुरुषी वाचन' म्हणून बाजूला सारत नाही. मग गोधडीवरील कादंबरी 'बायकी' कशी ठरते?

आणि शास्त्राचीच साक्ष हवी असेल तर तीही आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय उघडावा. यापो गावातील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, मरण पावली. पेत्राला लोद गावाहून बोलावून आणले. माडीवर तो पोचला तेव्हा गावातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने जिवंतपणी आपल्यासाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या पुण्याईविषयी त्यांनी भाषण केले नाही, कपडे पुढे केले. टाक्यांची ती साक्ष पेत्राने हलकी मानली नाही. त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि तिला उठवून त्या विधवांच्या स्वाधीन केले. शिवणकाम आणि मैत्री यांवरची याहून जुनी आणि याहून थोर कथा आमच्या टीकाकारांना ठाऊक असल्यास त्यांनी सांगावी. ज्या धर्मग्रामातील वेदीवरची वस्त्रे पिढ्यान्पिढ्या स्त्रियांच्या हातांनी शिवली, धुतली आणि इस्त्री केली, तेथे तरी सुईला क्षुल्लक म्हणण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

दुसरा आक्षेप असा की या कादंबऱ्या फार गोड आहेत. त्यांत सगळ्या भांडणांचा शेवट मिठीत होतो. हा आक्षेप पुस्तके न वाचता घेतला जातो म्हणूनच टिकतो. मालेतील पहिलीच कादंबरी पाहा. सिल्व्हिया आणि तिची बहीण क्लॉडिया यांच्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एका भीषण दुःखावरून वितुष्ट येते. सिल्व्हिया घर सोडून जाते. सुमारे पन्नास वर्षे बहिणी एकमेकींना भेटत नाहीत. सिल्व्हिया परतते ती क्लॉडिया वारल्यानंतर, घर विकून टाकण्यासाठी. समेट होतच नाही. होण्याची वेळ निघून गेलेली असते. उरलेल्या आयुष्यात त्या न झालेल्या समेटाचे काय करायचे, हा त्या म्हातारीपुढचा प्रश्न आहे. वाटणीच्या एका धुऱ्यावरून भावाभावांनी आणि नणंदाभावजयांनी आयुष्यभर बोलणे टाकल्याची घरे आमच्या तालुक्यात शोधावी लागत नाहीत. नाताळच्या मिस्सेत एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे न पाहणारे आप्तही सर्वांच्या पाहण्यातले आहेत. त्यांना ही कथा गोड वाटणार नाही, ती बोचेल. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांपैकी काही जणी या भागाला गप्प झाल्या, ते गोडव्यामुळे नव्हे.

'द क्रॉस-कंट्री क्विल्टर्स' या 2001 सालच्या कादंबरीत शिबिरात भेटलेल्या पाच स्त्रिया मिळून एक गोधडी करण्याचा संकल्प सोडतात. पण अट अशी की आपापल्या आयुष्यातील अडचणीला हात घातल्याखेरीज कोणी आपला तुकडा शिवायला घ्यायचा नाही. त्यांतील ग्रेस आपला बरा न होणारा मज्जासंस्थेचा आजार सर्वांपासून लपवून ठेवते. मदत मागण्यापेक्षा एकटीने सोसणे तिला सोपे वाटते. आता ही अट नीट पाहावी. येथे मैत्री म्हणजे नुसते सांत्वन नाही, तिला हिशेब द्यावा लागतो. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी भावाशी समेट कर, ही शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या वाचकांना त्या अटीचे वजन समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. अमेरिकेतील वाडे, तेथील हिवाळा, तेथील बायका. आपला काय संबंध? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो आम्ही मान्य करतो. सिल्व्हियाचा वाडा मोठा आहे, चूल विझण्याची भीती तेथे कोणाला नाही. त्या स्त्रिया दुकानातून नवे कापड आणून, मापाने कापून, ठरवलेल्या नक्षीत जोडतात. आमच्याकडे गोधडीसाठी कोणी कापड विकत आणीत नाही. विरलेले लुगडे वर आणि खाली, मधे फाटके सदरे, धोतरे, परकर. कडेपासून आत धावदोऱ्याचे जवळ जवळ टाके, आणि लुगड्याचा काठ चारी बाजूंनी. तिला कोठे वाकळ म्हणतात. आमच्या वऱ्हाडी तोंडी तिची वाकय होते. तिच्यात आजीचे लुगडे असते, बापाचा सदरा असतो. लहान लेकराला पहिल्यांदा ज्यात गुंडाळतात ती हीच. उबेपोटी आणि अभावापोटी जन्मलेली ही वस्तू शिबिराची हौस नव्हे. ऐकणाऱ्या एका आजीबाईंनी विचारले होते की या बायकांना संध्याकाळच्या पाण्याची आणि सरपणाची चिंता कशी नाही. या कादंबऱ्यांची याहून नेमकी समीक्षा आम्ही कोठल्याही नियतकालिकात वाचलेली नाही.

परंतु परकेपणाचा हा आक्षेप घेणारे पुढे जाऊन पाहत नाहीत. अमेरिकेतही सगळ्या गोधड्या वाड्यातल्या नाहीत. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशातील तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या तुकड्यांपासून गोधड्या शिवीत. 1966 साली त्या भागातील स्त्रियांनी एका धर्मगुरूच्या साहाय्याने 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभारली. मतदानाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या त्या कुटुंबांना त्या शिवणीचा आधार झाला. 2002 साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. ज्यांनी त्या पांघरल्या त्यांना मात्र त्यांत आपल्या आईची पाठ दिसत असणार.

आणखी जवळ यायचे तर उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. घरात ते मराठी मिसळलेली कोकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत मध्याकडे येतात. शेवटी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे मानतात. कॅथलिक सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवर क्रूसही शिवलेला आढळतो. आमच्याच श्रद्धेच्या बहिणींची ही कला किती धर्मग्रामांना माहीत आहे? आणि वऱ्हाडात तर गोधडीला संतपणही लाभले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक गोधडे महाराज म्हणत. तेव्हा गोधडीची गोष्ट परकी नाही. आपली गोष्ट लिहून न ठेवल्यामुळे परक्यांची वाचावी लागते, एवढेच खरे आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मालेतील 2002 सालची 'द रनअवे क्विल्ट' ही कादंबरी पळून जाणाऱ्या गुलामांना आश्रय देणाऱ्या एका घराण्याची आहे. गोधड्यांच्या नक्षीत गुलामांसाठी गुप्त खुणा दडवलेल्या असत, ही समजूत अमेरिकेत 1999 सालच्या एका पुस्तकामुळे फार लोकप्रिय झाली. तिला समकालीन पुरावा नाही असे इतिहासकार सांगतात. कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नव्हे. मात्र त्या पुस्तकाचे खरे बळ खुणांत नाही. आपले पूर्वज निखालस थोर होते या समजुतीला सिल्व्हियाच्या हाती आलेली जुनी वही तडा देते, आणि ते सत्य तिला पचवावे लागते. पूर्वजांची चरित्रे केवळ गौरवाने भरण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी, म्हणजे आपण सर्वांनी, ते अवश्य वाचावे.

आता चौथा आणि खरा आक्षेप. तो उघड बोलला जात नाही, पण बाकीच्या तिघांच्या तळाशी तोच आहे. घरच्या स्त्रियांचे मत हे मत नव्हे; समीक्षा करावी ती जाणकारांनी, असा तो आक्षेप. आमच्या पाहण्यातील एका ठिकाणी वाचनालयासाठी पुस्तके निवडताना वाचणाऱ्या स्त्रियांना एका शब्दानेही विचारले गेले नाही. यादी झाली, कपाट भरले आणि कुलूप लागले. ते कपाट आजही क्वचितच उघडते. यात आश्चर्य ते काय? ज्यांच्या मताला किंमत नाही त्यांनी वाचायचे तरी कशासाठी?

स्त्रियांना व्यासपीठ दिले तर काय घडते, हे आमच्या तालुक्याने पाहिले आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. त्यानंतर उद्घाटनाचा मान ज्यांना मिळाला त्या वैशाली येडे आमच्याच कळंब तालुक्यातील राजूरच्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी आणि अंगणवाडीतील मदतनीस. त्या साहित्यिक नव्हत्या. पण त्या दिवशी त्या जे बोलल्या ते सभामंडपाने श्वास रोखून ऐकले. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच स्त्रियांनी स्वतः भूमिका केल्या. एकमेकींचे दुःख जोडून त्यांनी जे उभे केले, ते गोधडीहून वेगळे नाही. तेथे वाडा नव्हता, शिबिराची फी नव्हती. मैत्री मात्र होती. चिआव्हेरिनीबाईंच्या वीसहून अधिक पुस्तकांना पुरेल इतके द्रव्य एकट्या कळंब तालुक्यात पडून आहे. ते लिहिणारी लेखणी हवी आणि ते लिहिण्याजोगे आहे असे मानणारे वाचक हवेत.

त्यातच काळ घाई करतो आहे. हा कापसाचा जिल्हा; पण आमच्या घरांतून सुती लुगडी गेली, कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत; त्यांची गोधडी अंगाला लागत नाही. थंडीत पांघरायला बाजारात पानिपतची ब्लँकेटे मिळतात, स्वस्त आणि जड. इकडे ज्यांच्या हातांत टाका आहे त्या म्हाताऱ्या एकेक करून निघून चालल्या आहेत, आणि तिकडे शहरांतील दुकानांत तीच गोधडी 'वारसा' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. शिवणारीला किती मिळाले हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. वस्तूला मान आणि करणारीला मौन, हा न्याय बाजाराचा आहे. वाचनालयाच्या कपाटापुढे तोच न्याय चालवणाऱ्या आमच्या टीकाकारांनी बाजाराला नावे ठेवू नयेत.

म्हणून आमचे म्हणणे असे. या कादंबऱ्या थोर साहित्य आहेत असा आमचा दावा नाही. त्यांतील काही पुस्तके सैल आहेत, काही एकमेकींसारखी आहेत, काहींत सुबत्तेची ऊब फार आहे. पण त्यांनी स्त्रियांच्या कामाला कथेचा कणा मानले आणि मैत्रीला नीतीचे बळ दिले. त्या ऐकताना आमच्या आया-बहिणींनी प्रथमच एखाद्या पुस्तकाविषयी निःसंकोच मत दिले. हे श्रेय लहान नव्हे. जे पुस्तक अबोल माणसाला बोलते करते त्याला वाचनालयात जागा मिळालीच पाहिजे.

त्यापुढील मागणी आमच्याच लोकांकडे आहे. अमरावती धर्मप्रांतातील आणि त्याबाहेरीलही प्रत्येक धर्मग्रामाने पुस्तकांच्या निवडीत वाचणाऱ्या स्त्रियांना निम्मा वाटा द्यावा. महिला मंडळाच्या सभेत महिन्यातून एकदा एखाद्या पुस्तकावर चर्चा व्हावी आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवावे. अशा चर्चेतील मते तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहून नियतकालिकांकडे पाठवावीत आणि संपादकांनी ती 'शुद्ध' न करता छापावीत. घरातील जुन्या गोधडीत कोणाचे लुगडे, कोणाचा सदरा आहे, ते आजीला आजच विचारून टिपून ठेवावे. उद्याची मराठी कादंबरी कदाचित त्याच टिपणांतून निघेल.

आमच्या टीकाकारांना एकच विनंती. पुढच्या वेळी 'शिवणकामाच्या गोष्टी' असे म्हणून नाक मुरडण्यापूर्वी त्यांनी रात्री आपण काय पांघरून झोपलो होतो, आणि ते कोणी शिवले होते, एवढे आठवून पाहावे.